फोरमनकडची किल्ली

उपासना संपून चहापाणी झालं की फोरमन टेबलाभोवती फिरत आणि लोकांनी अर्धे टाकलेले पाण्याचे ग्लास एकेक करून पिऊन टाकत. कुणाची लिपस्टिक लागलेली असो, कुणा पोराने बिस्किट बुडवलेलं असो. मला ते पाहवायचं नाही. एकदा न राहवून मी म्हणालो, "फोरमन, हे सिंगापूर आहे. नळ उघडला की पाणी येतं इथे." त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "पाणी येतं हो साहेब. लाज नाही येत नळातून."

पहिल्या भेटीपासून आमचं जमलं नाही, हे आधीच सांगतो. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड लिहायची पद्धत आहे. त्यांना ती मुळीच आवडली नसती.

ते जालन्याकडचे. तुआसच्या एका यार्डात जहाजांना वेल्डिंगचे जोड मारायला आले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. बायको वारलेली, मूलबाळ नाही, पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळालेला; एका तमिळ कुटुंबाच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेऊन राहत. मी नगरचा, रॅफल्स प्लेसला बँकेच्या आयटीत, घर पुंगोलला. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, मेनोनाइट पंथाची; शस्त्र न धरणारे, मोठेपणी समजून-उमजून बाप्तिस्मा घेणारे. चाळीसेक माणसं, बरीचशी इंडोनेशियातली. मराठी बोलणारे फोरमन आणि आम्ही, एवढेच. त्यामुळे सगळ्यांना वाटे की आमचं सख्य असणार. ते मला 'साहेब' म्हणत. माझ्या बायकोला, स्नेहलला, त्यांनी एकदा अर्थही सांगितला होता: "यार्डात जो कधी हातमोजे घालत नाही ना, त्याला आम्ही साहेब म्हणतो."

मंडळीची जागा म्हणजे एका दुकानाच्या वरचा भाड्याचा मजला. त्याची किल्ली कित्येक वर्षं फोरमनकडे होती. दर शनिवारी ते येत, फरशी पुसत, खुर्च्या मांडत. पंखा करकरला तर स्वतः शिडीवर चढत. कुणी आभार मानले तर म्हणत, "आभार कसले? माझ्याकडे किल्ली आहे." दुसरं कुठलंच पद त्यांना नव्हतं आणि त्यांनी मागितलंही नाही. पण त्या एका किल्लीपायी मालक त्यांना ओळखायचा, खालचा कॉफीवाला त्यांना 'अंकल' म्हणायचा, आणि रविवारी सगळ्यांच्या आधी दारात उभं राहून ते प्रत्येकाचा हात हातात घ्यायचे. माझाही घेत, जरा जोरात.

आम्ही वाद्यांशिवाय चार सुरांत गातो. सुरुवातीचा सूर फोरमन देत. त्यांचा खर्ज असा की खुर्चीच्या पत्र्यात उमटावा. मी पुष्कळदा मुद्दाम एक पट्टी वर चढवून सुरुवात करत असे, त्यांचा आवाज बिनसावा म्हणून. ते निमूटपणे माझ्या पट्टीत येत. हा क्षुद्रपणा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

त्या वर्षी जूनच्या सुट्टीत उन्हाळी उपासना करायची ठरली. चार रविवार, विषय 'पाणी आणि देवाची उपस्थिती'. कल्पना कॅनडातल्या मंडळीकडून आलेली, आणि आखणी माझ्याकडे. बैठकीत फोरमननी विचारलं, "उन्हाळी म्हणजे? इथे हिवाळा कधी झाला?" लोक हसले. मी नाही हसलो.

माझी कल्पना अशी होती: आईकडून आणलेलं पितळी घंगाळ मधोमध ठेवायचं, प्रत्येक घराने आपापल्या नळाचं तांब्याभर पाणी आणून त्यात ओतायचं, आणि ते पाणी चारही रविवार तसंच ठेवायचं. देव आपल्यातून उठून जात नाही, हे दिसावं म्हणून. पाळकांचे डोळे पाणावले. ते सुराबायाचे, हळव्या मनाचे. तेवढ्यात फोरमन म्हणाले, "देव राहील हो. पण डासही राहतील. आठवड्यात अळ्या होतात, तपासनीस आले तर जागा जाईल." पुन्हा हशा. माझे कान तापले.

बैठकीनंतर मी त्यांना जिन्यात गाठलं. "दर रविवारी घंगाळ मी रिकामं करीन, एक बाटलीभर पाणी तेवढं पुढच्या वेळेला ठेवीन. घंगाळ माझं आहे. तुम्ही त्याला हात लावायचा नाही."

"बरं," फोरमन म्हणाले. "नाही लावणार."

पहिला रविवार फार सुंदर झाला. म्हातारी माणसं तांब्यातून पाणी ओतत होती, कुणी रडलं, सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. घंगाळ मी ठरल्याप्रमाणे रिकामं केलं. दुसऱ्या रविवारी मला घाई होती; संध्याकाळी ऑफिसचा कॉल होता. भरलेलं घंगाळ ढकलत मागच्या गॅलरीत नेलं आणि वर चादर टाकली. माझी मुलगी एस्तेर तेव्हा चौदा वर्षांची. ती दारातून इथल्या इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, द वॉटर लेह?" म्हणजे पाण्याचं काय.

"उद्या येऊन टाकतो."

सोमवारी यायचं म्हणजे फोरमनकडे किल्ली मागावी लागणार होती. मागितली नाही. सगळं कारण एवढंच. वेळ होता, रस्ताही लांबचा नव्हता. तिसरा रविवार समुद्रकिनारी होता, दोघांचा बाप्तिस्मा होता, म्हणून त्या शनिवारी जागा उघडलीच नाही. चादरीखाली पाणी दहा दिवस राहिलं.

दहाव्या दिवशी, बुधवारी, तपासनीस आले. त्या भागात डेंग्यूचे रुग्ण सापडले होते आणि ते इमारतीमागून इमारत बघत चालले होते. मालकाने किल्लीसाठी फोरमनना बोलावलं. गॅलरीतली चादर उचलली तर घंगाळात अळ्या वळवळत होत्या. "हे कुणाचं?" तपासनिसाने विचारलं. फोरमननी उत्तर दिलं, "आमचं." माझं नाव घेतलं नाही.

मालक भडकला. हा माणूस बदला, नाहीतर जागा सोडा, असं त्याने बजावलं. गुरुवारी पाळकांनी वडीलमंडळाला बोलावलं. उपासनेची आखणी माझी, म्हणून मलाही. फोरमनना खाली कॉफीच्या दुकानात बसवून ठेवलं होतं. "ते तिथे कुणी ठेवलं?" पाळकांनी विचारलं. कुणीतरी म्हणालं, फोरमन घरीसुद्धा बादल्या भरून ठेवतात, त्यांना ती सवयच आहे. मी म्हणालो, "किल्ली फोरमनकडे असते."

आमच्यात शपथ घेत नाहीत. प्रत्येक शब्दच खरा असायला हवा, मग शपथ कशाला, अशी आमची शिकवण. आणि माझं वाक्य खरंच होतं. त्याच्याइतकं खोटं वाक्य मी आयुष्यात बोललो नाही.

पाळक खाली जाऊन किल्ली घेऊन आले. ती मला देण्यात आली.

आमच्यात आणखी एक रीत आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जायचं. ऐकलं नाही तर साक्षीदार घेऊन. मग मंडळीपुढे. शनिवारी सकाळी फोरमन पुंगोलला आमच्या दारात उभे होते, एलआरटीच्या छोट्या रेल्वेतून उतरून, इस्त्रीचा शर्ट घालून. स्नेहलने चहा विचारला. "नको ताई. मी पाहुणा म्हणून नाही आलो." ते बसलेसुद्धा नाहीत.

"साहेब, मी एकटा आलोय. रीत तुम्हाला ठाऊक आहे."

"कशाबद्दल बोलताय?"

"घंगाळ तुमचं, चादर तुमची, शब्द तुमचा. मला हात लावू नका म्हणालात, मी नाही लावला. मंडळीत उभं राहून एवढंच सांगा. दुसरं काही नको मला."

मी म्हणालो, "गैरसमज झालाय तुमचा. रिकामं केल्यासारखं मला आठवतं."

स्नेहल माझ्याकडे बघत राहिली. आतल्या खोलीचं दार किलकिलं होतं आणि फटीतून एस्तेरची चप्पल दिसत होती. फोरमननाही ती दिसली. दुसऱ्या पायरीसाठी लागणारा साक्षीदार पाच पावलांवर उभा होता, हे त्यांना त्याच क्षणी कळलं असावं. ते बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरीला बापाविरुद्ध उभं करायला मी नाही आलो. तेवढा तुमच्यासारखा नाही मी." आणि जिन्यानेच खाली गेले, लिफ्टसाठीही थांबले नाहीत.

चौथा रविवार एकमेकांचे पाय धुण्याचा, येशूने शिष्यांचे धुतले तसे. दारात मी उभा होतो, लोकांचे हात हातात घेत. फोरमन माझ्या हाताकडे न बघता आत गेले. पाय धुताना प्रत्येक जण आपला जोडीदार निवडतो. मला वाटलं होतं, ते माझ्या वाटेला जाणार नाहीत. ते सरळ आले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. मोजे काढले. पावलावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे जुने पांढरे डाग होते. मी गुडघ्यांवर बसून धुऊ लागलो. आमची मराठी तिथे स्नेहल आणि एस्तेरशिवाय कुणाला कळत नव्हती, आणि त्या दोघी दूर बायकांच्या बाजूला होत्या.

"आता बोलता येईल," फोरमन म्हणाले. "पाळक चार पावलांवर आहेत."

मी टाच धूत राहिलो. पुसली. मग माझी पाळी आली. मी खुर्चीत बसून पँट वर दुमडली. फोरमन वाकले नाहीत. मोजे हातात घेऊन उभे राहिले.

"पाय स्वच्छ आहेत तुमचे," ते म्हणाले. "तोंड धुवा."

ते अनवाणीच निघून गेले. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं. पुन्हा ते आमच्या उपासनेला आले नाहीत. दोन महिन्यांनी कळलं की ते जालन्याला पुतण्याकडे कायमचे गेले. निरोप समारंभ त्यांनी नाकारला होता.

त्यानंतर मी कबूल केलं. मोठं धाडस केलं असं समजू नका. एस्तेरने माझ्याशी बोलणं सोडलं होतं. जेवताना ताट उचलून खोलीत जायची. एका रविवारी मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मंडळीने मला तिथल्या तिथे माफ केलं. पाळकांनी मिठी मारली, बायका रडल्या, एकाने केक आणला. इतक्या सहज मिळालेली ती माफी हातात धरून त्याच संध्याकाळी मी जालन्याला फोन लावला.

"मी मंडळीला सांगितलं, फोरमन. सगळं."

"कधी?"

"आज."

"मी तिथे असताना का नाही?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तिथे असताना सांगितलं असतंत तर त्या कॉफीवाल्यासमोरून मान वर करून गेलो असतो. आता माझं नाव तिकडे चांगलं झालं आणि मी इकडे आहे. नावाचं काय करू इथे? इथे मला कोण ओळखतं?"

"मला माफ करा."

"मंडळीने केलं ना? मग ठेवा ते. पुन्हा फोन नका करू."

मी तीनदा केला. त्यांनी उचलला नाही.

यंदा एप्रिलमध्ये पुतण्याचा मेसेज आला: काका झोपेत गेले. मंडळीने त्यांच्यासाठी स्मरणाची उपासना ठेवली. लोक भरभरून बोलले. त्यांचा खर्ज, त्यांची फरशी, त्यांचे टोमणे. शेवटी पाळकांनी मला पुढे बोलावलं. त्यांचा मराठी भाऊ म्हणून. खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "त्या दिवशी तू त्यांचे पाय धुतलेस ते मी पाहिलं. नंतर फोनही केलास. जाण्यापूर्वी तुमचा समेट झाला होता, हो ना?"

सगळे प्रेमाने माझ्याकडे बघत होते. कुणालाच काही खोलात जाऊन ऐकायचं नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. तिसऱ्या रांगेत एस्तेर बसली होती, आता एकोणीस वर्षांची.

"नाही," मी म्हणालो. "त्यांनी मला माफ केलं नाही. आणि ते चुकले नाहीत."

कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकांचा हात खांद्यावरून खाली आला. मी जागेवर येऊन बसलो.