असली, तकलीदी आणि तकलादी

कुवेतमध्ये वाळू आणि किस्से कितीही झाडा, संपत नाहीत. सकाळी कोपरा लख्ख करावा, दुपारी पुन्हा ढीग! आमच्या दुकानात तर वाळूपेक्षा किस्सेच जास्त साचायचे.

दुकान जुन्या बाजारात, पिस्तुलं-बंदुकांचं. मालक अबू खालिद. तरुणपणी मोत्यांच्या धंद्यासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी फर्डं बोलायचे. कारागीर इब्राहिमचाचा, मुरूडचे. त्यांचे वडील नबाबाच्या शिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, बंदुका दुरुस्त करायचे. आणि मी अलिबागचा, टायपिस्ट. चष्मा होता म्हणून सगळ्यांचा 'मास्तर'.

तिथे तोवर चालणारा हिंदुस्थानी रुपया जाऊन दिनार आला, त्या एकसष्ट सालच्या सुमाराच्या या गोष्टी.

*

तेव्हा अमेरिकन घोडेवाल्यांच्या सिनेमांचं नुसतं वेड! हीरोच्या कमरेला ते लांब नळीचं रिव्हॉल्व्हर. कारखान्याने ते मॉडेल दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारासच बंद केलं होतं. सिनेमांमुळे मागणी आली, तसं पुन्हा काढलं. आमच्याकडेही एक पेटी येऊन पडली.

पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "असली है?"

"कंपनी वही, नाम वही, डिझाइन वही," अबू खालिद म्हणाले. "असली क्यूं नहीं?"

मागे कानस चालवत बसलेले चाचा मान वर न करता म्हणाले, "बेटे की शकल बाप जैसी है, तो क्या बाप का पेन्शन उसको मिलेगा?"

त्या गिऱ्हाइकालाही मुंबईचं हिंदी येत होतं, हे आमचं दुर्दैव. तो पोट धरून हसला आणि काही न घेता निघून गेला.

*

मला मेलं दोन्हींत काही फरकच दिसेना! चाचांनी दुरुस्तीला आलेलं एक जुनं आणि एक नवं समोर ठेवलं.

"रंग बघ. जुनं कोळशाच्या भट्टीत भाजलेलं, वांग्यासारखं काळं-निळं. नवं औषधात बुडवलेलं, पाटीसारखं. मूठ बघ. जुनी अक्रोडाची, नवी प्लास्टिकची. आता डोळे मीट आणि कडेवरून बोट फिरव."

फिरवलं. जुन्याची कड गुळगुळीत, नव्याची बोटाला लागत होती.

"जुन्याचा एकेक भाग माणसाने घासून बसवलाय, दुसऱ्याला लागायचा नाय. नव्याचे सगळे भाग सगळ्यांना लागतात."

"मग नवं चांगलं की, चाचा!"

"चांगलं हाय ना. फक्त त्याला माझी गरज नाय."

हसत बोलले, पण मला ते लागलं. चाची नुकतीच बोटीने आली होती. बनेद अल-गारच्या खोलीत दोघांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा एकत्र संसार मांडला होता.

*

नव्या मालाला पाटी हवी होती. मी मोठ्या उत्साहाने इंग्रजी-अरबी डिक्शनरी काढली. ट्रॅडिशनल म्हणजे 'तकलीदी'. झकास! सुरेख अक्षरात लिहून काचेवर लावली.

आठवडाभर माणसं यायची, पाटी वाचायची, खो खो हसायची आणि जायची. शेवटी अबू खालिद कपाळाला हात लावून ओरडले, "मास्तर! किताब में 'तकलीदी' मतलब परंपरा का. बाजार में मतलब नकली! मेरी दुकान पे तूने 'नकली माल' लिखा है!"

चाचा डोळे पुसत म्हणाले, "मी तर पहिल्याच दिवशी वाचलं होतं. मला वाटलं, तू मराठीत 'तकलादी' लिवलंस. म्हटलं, पोरगा खरं बोलतोय, कशाला अडवा!"

*

मग एका खानदानी घरातला हौशी नवरदेव आला. लग्नात कमरेला जुनं रिव्हॉल्व्हर मिरवायचं होतं, आणि जुनं तर मिळत नव्हतं. म्हणाला, नवंच जुनं करून द्या.

चाचांनी आठ दिवस खपून कडा घासल्या, रंग उतरवून पुन्हा चढवला, कुठल्याशा मोडक्या पिस्तुलाची अक्रोडाची मूठ बसवली. मी बघतच राहिलो.

"चाचा, ही फसवणूक नाही का?"

"आत खरं लिवून ठेवलंय ना!" चाचांनी मूठ उघडून दाखवली. आत लोखंडावर मराठीत बारीक कोरलं होतं. "ज्याला वाचता येईल त्याने वाचावं!"

*

आणि एक दिवस रिव्हॉल्व्हरच्या कंपनीचा एजंट, एक गोरा साहेब आला. म्हणाला, "नव्या मालाला कारागीर लागत नाही. भाग मोडला तर डब्यातला दुसरा लावा. या म्हाताऱ्याला कशाला पोसता?"

अबू खालिद विचारात पडले. चाचांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच महिन्यात संपत होता. नवा नाही काढला, तर चाचा-चाची परतीच्या बोटीवर! मागे चाचांची कानस थांबली होती.

"इम्तिहान लेंगे," अबू खालिद म्हणाले. "चाचा आंख बंद कर के नया-पुराना पहचाने, तो रहेगा."

साहेबाने ऐटीत आपल्या पट्ट्यातलं रिव्हॉल्व्हर काढलं. "हे अस्सल जुनं. इथल्याच एका खानदानी घरातून घेतलंय." शेजारी पेटीतलं नवं ठेवलं. चाचांच्या डोळ्यांवर मालकांचा रुमाल बांधला.

चाचांनी आधी पेटीतलं चाचपलं. "नया."

मग साहेबाचं घेतलं. कडेवरून एकदा बोट फिरवलं आणि त्यांचा चेहराच बदलला. जुनं म्हटलं, तर सुटतील की हो!

"ये भी नया," चाचा म्हणाले.

साहेब टाळ्या पिटत हसला. "संपलं! म्हाताऱ्याला काही कळत नाही!"

"साहब, मूठ खोलो," चाचा म्हणाले.

साहेबानेच स्क्रू काढला. आतली अक्षरं बघून त्याचे डोळे चमकले. "हे काय लिहिलंय?"

सगळे माझ्याकडे वळले. मी चष्मा पुसला आणि जे लिहिलं होतं तेच, अगदी मोठ्याने वाचलं.

"तकलादी!"

"तकलीदी! ट्रॅडिशनल!" डिक्शनरीतून अरबी शिकलेला साहेब आनंदाने ओरडला. "बघा, मी म्हणालो नव्हतो?" त्याने माझा हात दाबला, रिव्हॉल्व्हर छातीशी धरलं आणि खुशीत निघून गेला.

अबू खालिद दाढी कुरवाळत चाचांकडे बघून हसले, "ये तो वही दूल्हे वाला है!" मग मला म्हणाले, "मास्तर, चाचा का पासपोर्ट ला. इकामा का फॉर्म भर."