आपांच्या दुपारी

"मी बसाले आली, बोलाले नाई," असं म्हणत आपा चपला दाराबाहेर काढायच्या आणि घरच्यांनी 'या' म्हणायच्या आधीच आत जाऊन बसायच्या. भिंतीला पाठ, पाय लांब. आता यांना संध्याकाळपर्यंत कुणी हलवू शकणार नाही, हे बघणाऱ्याला कळायचं.

तेव्हा मी आलापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून होतो. आपा माझ्या शेजारी राहत. विधवा, एकट्या. जंगलखात्याच्या लोकांचे खाकी कपडे शिवायच्या. जीभ तिखट. सदरा आवळतो अशी कुणी तक्रार केली, तर "कपडा नाई आटला, तूच फुगला," असं भर रस्त्यात ऐकवायच्या.

गावात दोन-तीन घरं अशी होती, जिथलं एखादं लेकरू वयानं वाढलं पण इतरांसारखं झालं नाही. आज अशा मुलांसाठी शाळा आहेत. तेव्हा फक्त एक शब्द होता: येडं. आपा दुपारी मशीन झाकून त्यांतल्या एखाद्या घरी त्या लेकराजवळ बसायला जायच्या. तेवढीच त्या घरच्या आईला मोकळीक. आपांना हे कुणी सांगितलं नव्हतं. मी एकदा कारण विचारलं.

"दुपारी मशीन गरम होते, भाऊ," त्या म्हणाल्या. असली उत्तरं तुम्हीही ऐकली असतील. त्यावर पुढे काही विचारता येत नाही.

आमच्या गल्लीत एक नाकेदार राहायचा, जंगलाचा पहारेकरी. त्याची मुलगी सोळा-सतरा वर्षांची. बोलत नसे. कुणी हात लावला की किंचाळायची. आई कामाला गेली की पोरीच्या पायाला दोरी बांधून तिला मागच्या खोलीत ठेवत. आपांनी पहिल्याच दिवशी ती दोरी सोडली आणि खोलीच्या दारात बसून सदऱ्याची काजं करायला लागल्या. पोरीकडे बघितलंसुद्धा नाही. असे खूप दिवस गेले. मग एका दुपारी पोरगी सरकत सरकत आली आणि आपांच्या मांडीवरच्या दोऱ्याचं टोक धरून बसली. पावसाळा सरला तेव्हा दोघी एका दोऱ्याची दोन टोकं धरून रस्त्यानं फिरताना दिसायला लागल्या.

एका बाजाराच्या दिवशी मात्र घोटाळा झाला. मागून सागवानाचा ट्रक आला, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला आणि पोरगी कान दाबून रस्त्याच्या मधोमध बसली. लोक जमले, त्यांत मीही होतो. कुणी म्हणालं ओढा, कुणी म्हणालं पाणी मारा. आपा तिच्या शेजारी धुळीत बसल्या.

"इंजिन बंद कर," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

"बंद केलं तं चालू कोन करन, बाई?"

"तुह्या लाकडाले पाय नाई फुटत. बंद कर."

इंजिन बंद झालं. बऱ्याच वेळानं पोरगी आपणहून उठली आणि घराकडे चालायला लागली. ट्रक मात्र उठेना. हँडल मारून मारून ड्रायव्हर, क्लीनर आणि मी, तिघंही घामाघूम झालो.

दुसऱ्या दुपारी आपा गेल्या, तर नाकेदार दारात आडवा उभा. "चार लोकायत तमाशा झाला. आता पोरगी बाहेर नाई जाणार."

आपा ओसरीवर बसून राहिल्या. मागच्या खोलीला कडी होती आणि पोरगी आतून दारावर हात आपटत होती. तो आवाज माझ्या घरापर्यंत येत होता.

कडी काढली ती पोरीच्या आईनं; त्या दिवशी ती कामाला गेली नव्हती. या बाईचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. पोरीला पुढे करून ती नवऱ्याला म्हणाली, "तमाशा झाला तं झाला. पोरगी माही हाय. मी जाईन संगं."

नाकेदारानं टोपी घातली आणि कामावर निघून गेला. त्यानंतर रस्त्यानं तिघी दिसायला लागल्या.

दोनेक वर्षांत आपांची नजर अधू झाली. बल्लारशाहचा भाऊ त्यांना न्यायला आला. बसपर्यंत मायलेकी आल्या होत्या. आपा खिडकीतून हाका मारत होत्या, पण पोरगी बसकडे पाठ करून समोरच्या मोहाच्या झाडाकडे बघत उभी. आई ओशाळली.

"पाहून नाई राह्यली, आपा."

"नाई पाहत तं नाई," आपा म्हणाल्या. "आली ना इथवर."

आपा पुन्हा आलापल्लीला आल्या नाहीत. त्या दिवशी बस सुटली, धूळ खाली बसली, माणसं पांगली, तरी पोरगी तिथून हलली नाही. आईही तिच्याजवळ उभी राहिली.