रूपेशचं सरसकट सेटिंग

जयगडचा रूपेश दिवसा बंदरात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात लिनक्सची सेवा. जगभरची माणसं मिळून ही संगणकप्रणाली बांधतात नि फुकट वाटतात. त्यातलं एक पॅकेज, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, पडद्यावरचं मराठी मोठ्याने वाचणारं, रूपेश सांभाळतो. ते त्याने अंगावर घेतलं विमलाआत्यासाठी. आत्याची दृष्टी गेली, पण मुलाची पत्रं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं तिला कधी रुचलं नाही. हा मुलगा, गौरव, मालवाहू जहाजावर असतो. त्याच्या ईमेल ती दार लोटून एकटी ऐकायची.

गेल्या वर्षी लिनक्सच्या मंडळींत वाद झाला. सुरक्षेचं नवं सेटिंग सगळ्या पॅकेजना एकदम लावायचं, की ज्याने त्याने तपासून आपापल्या पॅकेजला? रूपेश हट्टाला पेटला. "ज्याच्या त्याच्यावर सोडलं तर दहा वर्षं जातील," असं लिहून त्याने सरसकटची बाजू लावून धरली. हुशार माणूस, पण घाई फार! ठराव झाला. त्याचं पॅकेज नव्या सेटिंगनिशी तयार झालं, चाचणीत हिरवी खूण आली. स्पीकर लावून त्याने ऐकलं मात्र नाही.

यंदा एका बुधवारी आत्याचा कॉम्प्युटर अपडेट झाला आणि मुका झाला. आपल्याच हातून काही बिघडलं असं समजून ती गप्प बसली. रविवारी रूपेश सहज डोकावला तेव्हा कळलं: नव्या सेटिंगने आवाजाची वाटच अडवली होती. त्याने आपल्या पॅकेजपुरतं ते सेटिंग काढलं आणि आवाज परत आला. पहिलंच पत्र गौरवचं, गुरुवारी आलेलं.

"आये, शनिवारी सकाळी आठला आमचं जहाज जयगडसमोरून जाईल. दीपस्तंभापाशी ये. मी डेकवर उभा असेन."

शनिवार कालच गेला होता.

रूपेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आत्ये, चूक माजी हाय," एवढंच तो म्हणाला.

आत्या म्हणाली, "तो हुबा ऱ्हायला आसंल रं."

रूपेशने तिथेच बसून मंडळींना लिहिलं: माझं मत चुकलं. प्रत्येक पॅकेज आधी चालवून बघा, मगच त्याला सेटिंग लावा. अपवादांच्या यादीत पहिलं नाव माझ्या पॅकेजचं घाला.

त्याचं झाल्यावर आत्याने कीबोर्ड पुढे ओढला. ती एकेक शब्द चाचपत लिहीत होती आणि मशीन तो सपाट, ठणठणीत आवाजात उच्चारत होतं.

"मी आले होते बाळा. वारा खूप होता."

रूपेश खाली मान घालून ऐकत राहिला.