मधल्या नावाची नोटीस

परदेशातून कायदा शिकून मी नागपूरला परत आलो, ते माणसांना त्यांचे हक्क मिळवून द्यायला. लकडगंजच्या आमच्या वकिली ऑफिसात आई-बाप आणि मुलं एकमेकांविरुद्ध येतात. हक्क कधीमधी मिळतात, किस्से मात्र रोज साचतात. मित्रांना सांगितले की म्हणतात, "फेकू नको!"

*

उमरेडच्या एक आजी मुलाविरुद्ध अर्ज करायला आल्या. मी आवेशात विचारलं, "जेवायला देत नाही?"

"मी देऊन राहिली, तो खात नाही! डायटवर हाय म्हणते. त्याले कोर्टातून भाकर खाले लावा."

"आजी, कायद्यात आईनं मागायचं असतं, द्यायचं नाही."

"मंग हा कायदा कोन्या बाईनं नाही केला!"

*

वाडीचे दोन भाऊ. धाकट्याची सहा वर्षांची पिंकी थोरला दत्तक घेणार होता. घर एकच, फक्त खोली बदलायची. मी तिला समजावलं, आता मोठे बाबाच तुझे बाबा.

"मंग मले रागावन कोन?"

दोघं एकदम ओरडले, "मी!"

दत्तकपत्रावरच्या सह्या अजून व्हायच्या आहेत.

*

आणि कोराडीचे डोंगरेकाका! वीज केंद्रातून रिटायर झालेले. मुलाला, नीलेशला, तिथंच चिकटवलं होतं. त्यानं नोकरी सोडली आणि लग्नांत ड्रोन उडवायला लागला. काकांना पेपरात जाहीर नोटीस द्यायची होती : याच्याशी माझा काही संबंध नाही.

मी पोटतिडकीनं सांगितलं, "काका, नोटिशीनं नातं तुटत नाही. कायद्यानं तो तुमचाच मुलगा राहतो."

"तुम्ही टाइप करा!"

केलं. 'नीलेश वसंत डोंगरे याच्याशी...'

"मधातलं माझं नाव काढा! त्यासाठीच तर आलो!"

काढलं. काका स्क्रीन बघून अस्वस्थ. "कालनीत दोन नीलेश डोंगरे हायत. दुसरा बिचारा बँकेत हाय. त्याची काहून बदनामी?"

"मग आईचं नाव घालू?"

"मंग ती मले घरात घेईन का!"

तेवढ्यात दारात खुद्द नीलेश. काकांना स्कूटरवर तोच घेऊन आला होता. "झालं का बाबा? मले लग्नात जाचं हाय."

"थांब ना गा! तुलेच काढून राहिलो!"

तो हेल्मेट घेऊन बाकावर बसला. मी विचारलं, "काका, मग लोकांना कळणार कसं, कोणाचा नीलेश?"

काकांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

"लिवा मंग," ते म्हणाले, "माझा."