सासऱ्यांचा ऑलराइट

इंग्रज हा देश सोडून जाताना आपली सगळी भाषा पेटीत भरून घेऊन गेले असते, तरी माझ्या सासऱ्यांचं काही अडलं नसतं. फक्त एक शब्द मागे राहायला हवा होता. तो शब्द ‘ऑलराइट’. सासरे चांद्याकडच्या छोट्या लाइनीवर गार्ड होते. गाडी सोडताना हिरवं निशाण दाखवून हा शब्द ओरडायचा, एवढंच त्यांना नोकरीत शिकवलं होतं. बाकी सगळीकडे तो वापरायची परवानगी त्यांनी स्वतःच स्वतःला दिली. वरणात मीठ कमी पडलं, ऑलराइट. शेजाऱ्याला मुलगा झाला, ऑलराइट. त्याच शेजाऱ्याचा म्हातारा गेला, तर त्याच्या दारात टोपी काढून, जरा हळू आवाजात, पण ऑलराइटच. भिकाऱ्याला ‘पुढे जा’, बायकोला ‘पुरे कर’, डॉक्टरला ‘तुम्हाला काही कळत नाही’, हे सगळं त्या एका शब्दात बसायचं, आणि कुठे कोणता अर्थ घ्यायचा ते ऐकणाऱ्याने आपलं आपण पाहायचं. सासूबाई बिचाऱ्या संसारभर तेच करत आल्या. ‘म्या इचारलं, भाजी कोनती करू, तं म्हनते ऑलराइट. आता ऑलराइट कोन्या वाडीत पिकते, तुमीच सांगा,’ असं त्या मला एकदा म्हणाल्या, आणि त्या हसत नव्हत्या.

माझी या शब्दाशी पहिली गाठ पडली ती लग्नाच्या बोलण्यात. मुलगी मी नागभीडला पाहिली होती आणि पाहिल्यापासून माझं घरात ना शेतात, कशातच लक्ष नव्हतं. आता लपवून काय करायचं? वडील मला घेऊन सासऱ्यांच्या रेल्वे क्वार्टरात गेले. धानाची शेती, बैलजोडी, मूल या गावाजवळचं आमचं खेडं, सगळं सांगून झाल्यावर घसा साफ करून म्हणाले, ‘मंग सोयरीक पक्की समजावं काय?’ सासरे म्हणाले, ‘ऑलराइट,’ आणि कंदील उचलून ड्यूटीवर निघून गेले. घरी येईपर्यंत वडील म्हणत होते, तो हो म्हणाला. आई ऐकेना. ‘हो म्हननारा मानूस चहा पाजल्याबिगर उठते काय?’ त्यावरून आमच्या घरात दोन तट पडले. शेवटी वडिलांनी नागभीडला जाणाऱ्या एका माणसाबरोबर निरोप पाठवला की बाबा रे, हो की नाही तेवढं कळव. उत्तर काय यावं? ऑलराइट. मी कपाळावर हात मारून घेतला. माझा जीव टांगणीला लागलेला आणि या गृहस्थांना एका अक्षराचं ‘हो’ जड झालेलं.

मग एका सकाळी ते न सांगता आमच्या दारात उभे. गार्डाची एक पद्धत असते. गाडी सोडण्याआधी इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत चालत जायचं, कड्या हलवून पाहायच्या, दारं ढकलून पाहायची, मगच निशाण. सासऱ्यांनी ती पद्धत आमच्या घराला लावली. आईने पाट मांडला, त्यावर बसले नाहीत. विहिरीचा रहाट फिरवून पाहिला. कणगीत खांद्यापर्यंत हात घालून तळाचं धान वर काढलं. न्हाणीचं दार ढकललं, तर आत माझी आत्या. तिने आतून तांब्या फेकला. तो यांनी उचलून, गळतो का ते पाहून, उंबऱ्यावर ठेवला. शेवटी स्वयंपाकघरात शिरून चुलीपुढे मांडी घालून बसले आणि वर पाहत आईला म्हणाले, ‘बाई, इथी धूर कुठून जाते?’

आई आधीच तापलेली. ‘काऊन? आमचा धूर आमी पाहून घेऊ. तुमच्या गाडीवानी शिट्टी मारत थोडीच जाते तो?’

सासऱ्यांनी चुलीपुढची जागा हाताने चाचपली. मग म्हणाले, ‘माही पोरगी इथी बसंन. तिले लहानपनापासून दमा आहे. ते सोता कोनाले सांगत नाई, मी सांगून राह्यलो. धुराले रस्ता पायजे.’

आईचा राग कुठल्या कुठे गेला. वडिलांनी शिडी लावली आणि चुलीवरची कवलं काढून तिथे धुराडं केलं. ते पूर्ण होईपर्यंत सासरे खाली उभे होते. मग ऑलराइट म्हणाले आणि जेवायला बसले. त्या वेळी मात्र अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

लग्न लागलं आणि वरात परत न्यायला त्यांचीच गाडी होती. ड्यूटीवरचा गार्ड त्यांच्या हाताखाली तयार झालेला. त्याने मोठ्या मानाने निशाण त्यांच्या हातात दिलं. ‘भाऊ, आज तुमी सोडा.’ सासरे पद्धतीप्रमाणे इंजिनापासून निघाले. आमच्या डब्याचं दार ओढून पाहिलं. पुढे गेले, परत आले, पुन्हा ओढून पाहिलं. ड्रायव्हरने शिट्टी दिली. ते पुन्हा दाराशी. मी आत बसून चरफडत होतो, की जन्मभर जिथे तिथे फेकलेला शब्द, आज नेमका हवा तर का अडला? माझी बायको खिडकीतून वाकली. ‘बाबा, म्हना ना. गाडी थांबली आहे.’ त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि नुसतंच निशाण वर केलं. गाडी सुटली.

आता सासरे नाहीत. धुराडं आहे, आणि ते दर पावसाळ्यात गळतं. नेमकं वरणात गळतं. कितीदा म्हटलं, पावसाळ्यापुरतं बुजवून टाकू. दर वेळी मी शिडी लावली की बायको भांडं बाजूला सरकवते आणि म्हणते, ‘राहू द्या.’ मी भिजतो, चिडतो, शिडीवरून खाली उतरतो, आणि दुसरं काही सुचत नाही म्हणून म्हणतो, ऑलराइट.