न शिकवलेला विद्यार्थी

डोंबिवलीत, ठाकुर्लीच्या बाजूला, आमची चार मजल्यांची जुनी इमारत आहे. लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. घर घेतलं तेव्हा मी तिशीत होतो, आणि तिसऱ्या मजल्यावर वारा छान येतो एवढंच डोक्यात आलं होतं. माणसाला गुडघे असतात हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी बायको बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण नंतर तिला जिना उतरता आला नाही. घरातल्या घरात वॉकर धरून चालते. खाली जायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं, आणि चौघे आणायचे कुठून? इमारतीतली मुलं बंगळुरूला नाहीतर परदेशात, मागे उरलेले आम्ही सगळे बीपीच्या गोळ्यांवर. बाहेरून माणसं बोलावतो म्हटलं की ती उसळायची. "मी काय कपाट आहे? कुणाच्या उपकारावर नाही उतरायचं मला."

उतरायची ती फक्त मतदानाच्या दिवशी. लोकसभेला उतरली, विधानसभेला उतरली. सकाळपासून दोन्हीकडचे कार्यकर्ते दारात हजर, प्लॅस्टिकची खुर्ची, दणकट चार जण, खाली रिक्षा तयार. मी चिडवायचो, आज बरे चालतात उपकार. तर म्हणाली, "आज उपकार नाहीत हो. आज त्यांना माझी गरज आहे." मत देऊन झालं की रिक्षा मंडईवरून घ्यायला लावायची, भाजीवालीशी मेथीवरून हुज्जत घालायची आणि मेथी न घेताच परत यायची. बोटावरची शाई पुढे आठवडाभर जपायची.

मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. निवडणुकीची ड्युटी तर आम्हा शिक्षकांच्या पाचवीलाच पुजलेली. केंद्राध्यक्ष असताना मतदान करणाऱ्या बाईच्या मागून डोकावणाऱ्या एका एजंटला मी कॉलर धरून बाहेर काढलं होतं. मत गुप्त असतं, ते कुणालाही सांगायचं नाही, हे मी पोरांकडून घोकून घेतलेलं आहे. हे सगळं सांगतोय ते पुढे काय केलं ते नीट कळावं म्हणून.

बऱ्याच वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागणार असं ऐकू आलं, तसा आमच्या प्रभागात एक उद्योजक उभा राहणार अशी चर्चा सुरू झाली. शीळफाट्याकडे त्याची गोदामं, दोन मंगल कार्यालयं, आता तीन टॉवर, शिवाय पाण्याचे टँकर. त्याचे आजोबा खाडीकाठी मिठागरात राबले. जमीन धरून ठेवली आणि शहर आपल्या पायांनी तिच्यापर्यंत चालत आलं. मला त्याचा हेवा वाटत नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. ज्याचे टँकर उन्हाळ्यात आम्हाला पाणी विकतात तोच आता नळाला चोवीस तास पाणी आणतो म्हणत होता, आणि आमचे लोक टाळ्या वाजवत होते.

त्याने सगळ्या सोसायट्यांना निरोप धाडला: काय हवं ते लेटरहेडवर लिहून द्या, आणि सोबत किती मतं ते. आमच्याकडे ही पद्धत आता इतकी रुळलेली आहे की कुणाला तिची लाज वाटत नाही. एका सोसायटीला पेव्हर ब्लॉक, दुसरीला कॅमेरे, तिसरीला नावाची कमान. आमच्या मीटिंगमध्येही कमानीचं नक्की होत आलं होतं. मी सेक्रेटरी. मी उठून म्हणालो, आपण लिफ्ट मागू. तळमजल्यावरचे म्हणाले, आम्हाला तिचा काय उपयोग? मग मी त्यांना हात जोडले. वर्गासमोर तीस वर्षं ताठ उभा राहिलेला माणूस मी, सतरा खुर्च्यांसमोर गयावया केली. लिफ्ट मंजूर झाली.

पत्र मी माझ्या अक्षरात लिहिलं. कुठल्या फ्लॅटमध्ये कोण मतदार, मोबाइल नंबर काय, आणि खाली, 'सर्व मते एकगठ्ठा आपल्यालाच.' सही केली, शिक्का मारला. माझं अक्षर वळणदार आहे, पत्र छान दिसत होतं.

चार दिवसांनी तो स्वतः आला. तीन जिने चढून धापा टाकत आत आला आणि थेट माझ्या पायावर वाकला. मागे कॅमेरेवाला होताच.

"सर, वळखलात ना? आठवीत तुम्ही मला पट्टीनं मारलेलं. त्या मारामुळंच आज उभा हाय."

हा माणूस आमच्या शाळेत कधीच नव्हता. आणि पट्टी मी जन्मात कुणावर उगारली नाही. बहुतेक त्याच्या माणसांपैकी कुणीतरी त्याला चुकीचं पढवलं होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की तुमची काहीतरी गफलत होतेय. पण लिफ्टचं पत्र त्याच्या माणसाच्या फाइलमध्ये होतं, आणि आतल्या खोलीच्या दारात वॉकर धरून बायको उभी होती.

"आठवतंय तर," मी म्हणालो. "फार मस्तीखोर होतास."

सगळे हसले. फोटो निघाला. मग तो बायकोजवळ जाऊन बसला आणि मनापासून बोलला, हे मला कबूल करायला हवं. "बाई, माजी आय पण गुडघ्यांनी बसलेय. तिच्यासाठी घरात लिफ्ट लावलेय. मतदानाला तुम्ही लिफ्टनं खाली या, मी दारात हुबा राहतो." तिने त्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

आचारसंहितेच्या आधी नारळ फुटला. लिफ्ट जिन्याला लागून बाहेरून बसणार होती, म्हणून जिन्याच्या दारातच मोठा खड्डा खणला आणि प्रत्येक मजल्यावरच्या वळणाची भिंत फोडली. ये-जा करायला खड्ड्यावर दोन फळ्या टाकल्या. थोडे दिवस सांभाळून घ्या, असं सुपरवायझर म्हणाला. इतर लोक धुळीने वैतागले होते, बायको मात्र ड्रिलचा आवाज ऐकत खुशीत बसायची. लिफ्टमध्ये आरसा असेल का, असं तिने मला दोनदा विचारलं. मतदानाला नेसायची म्हणून इरकल काढून खुर्चीवर ठेवली होती.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी चौकात फटाके वाजू लागले. मग डीजे, गुलाल, जेसीबीतून उधळलेली फुलं. आमच्या प्रभागाच्या पॅनलमधल्या चारही जागांवर समोरच्यांनी अर्ज मागे घेतले होते. कुणाला काय मिळालं ते मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते बोलत नाहीत. तो आणि त्याचे तिघे साथीदार बिनविरोध निवडून आले होते.

"मतदानाच्या आधीच निकाल?" बायकोने गॅलरीतून विचारलं.

मी तिला वर्गात समजवावं तसं समजावलं. समोर कुणी नाही म्हणजे मतदानच नाही.

"पण मशीनवर ते शेवटचं बटण असतं ना, वरीलपैकी कुणीच नाही म्हणून? ते दाबायला तरी जाऊ द्या की."

"मशीनच येणार नाही अगं."

ती खालची मिरवणूक बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मला न्यायला कुणी येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मजुरांनी ड्रिल, घमेली, फावडी टेम्पोत भरली. मी फळ्यांवरून धडपडत खाली गेलो. सुपरवायझरने मला नमस्कार केला. "मोहने गावात पेव्हर ब्लॉकचं अर्जंट काम निघालंय सर. तिकडे साहेबांच्या माणसाची फाइट टाइट हाय. इलेक्शन झालं की येतोच." तिकडची निवडणूक होऊन गेली. ते आले नाहीत. मी फोन करत राहिलो, साहेब मीटिंगमध्ये असायचे. एकदा तो स्वतः फोनवर आला आणि म्हणाला, "सर, तुमचं काम मी इसरन का? तुम्ही माझे गुरू." फार गोड बोलला. रागाने धमकी द्यावीशी वाटली, पण द्यायची तर कशाची? आमच्याकडे देण्यासारखी फक्त मतं होती. ती आम्ही लिहून दिली, आणि त्याला ती लागलीच नाहीत.

परवा डॉक्टरांनी बायकोला एक्स-रे काढायला सांगितला. दम लागतोय हल्ली. तिचा विरोध मोडून मी चार माणसं बोलावली. ते खुर्ची घेऊन आले, दोन फळ्या पाहिल्या, खालच्या खड्ड्यात डोकावले आणि म्हणाले, काका, यावरून खुर्ची नाय जाणार, चौघांना पाय ठेवायला जागा कुठाय? ते निघून गेले. एक्स-रे अजून काढलेला नाही. एकट्याने तिला उचलून न्यावं असं एका क्षणी मनात आलं, आणि मग मी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

चौकात अजून आभाराचा बॅनर आहे. आमच्या गॅलरीतून पूर्ण दिसतो. मी सोफ्यावर, माझ्या पायाशी तो, आणि वर मोठ्या अक्षरात, 'गुरूंच्या आशीर्वादाने बिनविरोध.' काल संध्याकाळी बायको वॉकरवर भार देऊन त्याकडे बघत होती.

"कुठल्या वर्षी होता हो हा तुमच्या वर्गात?"

"नव्हता," मी म्हणालो.

"वाटलंच. तुम्ही कधी कुणाला मारलं नाहीत." मग ती म्हणाली, "माझ्यासाठी बोललात ना तसं?"

मी मान हलवली. तिने गॅलरीचं दार लावून घेतलं.

"नको होतं बोलायला," ती म्हणाली. "मी खुर्चीतून जात होते की."