पक्का आकडा

जोतिबाच्या वाटेवरच्या एका गावात रस्ता रुंद होणार होता. रस्त्यात येणाऱ्या भिंतींवर लाल फुली मारायचं काम माझ्याकडं होतं, आणि त्या दिवशी माझं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. उपग्रहावरून जागा सांगणारं मशीन काठीवर बसवलं, तरी ते एकटं असलं की हात-दोन हात चुकतं. ती चूक सुधारणारे आकडे इंटरनेटवरून यावे लागतात. त्यासाठी मोबाईलमधल्या सॉफ्टवेअरमध्ये पत्ता, आयडी, पासवर्ड सगळं भरलं. जोडलं, की तुटलं. परत जोडलं, परत तुटलं. स्क्रीनवर नुसतं ‘फ्लोट’, म्हणजे आकडा कच्चा. ‘फिक्स’ आलं की पक्का. ते मेलं काही येईना.

समोरच्या घरातल्या मावशी स्वयंपाकघराच्या दारातनं बघत होत्या. कच्च्या आकड्यानं रस्त्याची कड त्यांच्या भिंतीबाहेरनं जात होती.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "मॅडम, भिंत सुटतीया की! लिवा आन् चला. जेवायची येळ झाली."

"चला काय चला?" मी ओरडले. "उद्या जेसीबी आल्यावर येगळंच निघालं, तर ह्यांनी कुणाकडं जायचं? तुमच्याकडं?"

हेल्पलाइनवाला म्हणे, फोन बंद करून चालू करा. अरे, किती वेळा करू? शेवटी ऑफिसात साहेबांना फोन लावला. साहेब खुशीत! शिवाजी पेठेतल्या ऑफिसच्या गच्चीवर दुसरं नवं मशीन लावून बघत बसले होते, आणि तेही त्याच आयडीवर. एका आयडीवर एकच मशीन चालतं. ते आत आले की मी बाहेर, मी आत गेले की ते बाहेर.

"माझंबी सारखं तुटतंय गं," साहेब म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आधी बंद करा ते! इथं उन्हात जीव चाललाय आन् तुम्ही खेळत बसलाय व्हय?" साहेबांशी असं मी कधी बोलले नव्हते. बरं झालं बोलले.

त्यांनी बंद केलं आणि जरा वेळात फिक्स आलं. "ह्याला म्हणतात आकडा," मी त्या माणसाला ऐकवलं आणि सॉफ्टवेअर रस्त्याची कड दाखवेल तशी सरकत निघाले. काठी मावशींच्या भिंतीला टेकली, तरी ते अजून आत जा म्हणत होतं. आत त्यांचा ओटा होता.

मी परत तपासलं. आता तरी तुटावं, असं मनापासून वाटत होतं. तुटलं नाही. राग इतका आला होता, आणि काढायला समोर कुणीच नव्हतं.

"मगाशी चुकीचं दावत हुतं व्हय?" मावशींनी विचारलं.

"व्हय."

"आन् आता बरोबर हाय?"

"व्हय, मावशी."

त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलेली परात आणि सूप उचललं, आणि मला फुली मारायला जागा करून दिली.